एका दिवसाची कोरी ओळ

गल्लीत तिला सगळे आकडेमावशी म्हणतात आणि तिला ते आवडतं, उगाच नाही म्हणायचं कशाला! पुलाच्या मधल्या खांबावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मापपट्टी रंगवलेली आहे. रोज सकाळी सहाला पायऱ्या उतरायच्या, पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं, हे तिचं काम. ताप असो, घरात पाहुणे असोत, तीस वर्षांत एक खाडा नाही. आधी हेच काम नवरा करायचा. मोठ्या पुरात तो गेला आणि वही तिच्या हातात आली.

सकाळी सहाला नदीवर धुकं असतं. खांब, पायऱ्या, पलीकडचा काठ, सगळं अजून अर्धवट झोपेत. त्या धुक्यात मावशीला नवरा खालच्या पायरीवर वाकलेला दिसायचा. ती त्याच्याशी बोलायचीसुद्धा. लेकीचं सांगायची, नातीचं सांगायची, स्वतःच्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं मांडायची. वेड लागलंय म्हणा खुशाल. तिला त्यात फार बरं वाटायचं.

एक दिवस पाटबंधारे कचेरीतली इंजिनिअर मुलगी घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर वही उघडून बसली. नदी चार देशांतून वाहते. हवामान बिघडलं, पूर वाढले, म्हणून चौघांनी मिळून निधी देणाऱ्या एका परदेशी संस्थेकडे पैसे मागितले होते, काठाला भिंती आणि धोक्याचे भोंगे बसवायला. निधीवाले म्हणाले, देतो, पण भिंत किती उंच हवी ते जुन्या नोंदींवरून दाखवा. आणि चारही देशांत सगळ्यात चोख वही निघाली ती आमच्या मावशीची! ऐकून तिची मान ताठ झाली.

फक्त एक ओळ कोरी होती. नेमकी मोठ्या पुराच्या दिवसाची.

मापपट्टी बुडाली होती, असं मावशी आजवर सगळ्यांना सांगत आली होती. मुलीने तेच खरं धरलं आणि ती समजुतीने म्हणाली, की अंदाजाने आठ मीटर साठ लिहू, निधीचा फॉर्म संध्याकाळपर्यंत जायला हवा.

आठ साठ ऐकून मावशीने वही स्वतःकडे ओढली. खरा आकडा तिला ठाऊक होता. त्या सकाळी ती लेकीला कडेवर घेऊन वर काठावर उभी होती. खालून नवऱ्याने पट्टी वाचली आणि पाण्याच्या आवाजातून ओरडून तिला सांगितली, नऊ चाळीस, लक्षात ठेव. मग त्याच्या पायाखालची पायरीच गेली. आकडा तिने लक्षात ठेवला, पण लिहिला नाही. लिहिला की त्याचं त्या दिवसाचं काम संपलं, असं तिला वाटायचं. कोऱ्या ओळीत तो अजून कामावर होता.

पण लेक आता खालच्या गल्लीत राहते. भिंत ऐंशी सेंटीमीटरने बुटकी झाली, तर पाणी थेट पलंगावर निजलेल्या नातीच्या नाकातोंडात जाणार. मावशीला नवऱ्याला सोडायचं नव्हतं, अगदी नव्हतं.

"दे इकडे पेन," ती म्हणाली.

तिने नऊ चाळीस लिहिलं. वाचणाऱ्याच्या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं. पट्टी बुडाली होती ना, असं मुलीने हळूच विचारलं.

"नव्हती बुडाली. त्यांनी वाचली, मी ऐकली."

फॉर्मवरचा आठ साठ खोडून मुलीने नऊ चाळीस केला. मग वहीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे वेळ लिहायची होती. रोजची सहाचीच ना, ती म्हणाली.

मावशीचं पेन थांबलं. डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"सहा वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली. "ते वेळेवरच निघाले होते गं. चहा घेऊन जा म्हणून मीच थांबवलं."