कोरडा चमचा

शेजारच्या काकू कारवारकडच्या. त्यांचा सगळा स्वयंपाक खोबरेल तेलात. बरणीत घालायच्या आधी चमचा पदराला तीनदा पुसायच्या, आणि दुसरं कुणी बरणीजवळ गेलं की लगेच विचारायच्या, "चमचा पुसलास गो?" पाण्याचा थेंब गेला तरी तेल खवट होतं, हे त्यांनी जावयालाही सुनावलं होतं. थंडीत तेल थिजलं की बरणी घेऊन दारातल्या उन्हात बसायच्या.

नव्वदच्या आसपास मी लग्न होऊन शिवाजी पेठेत आले. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या फोडणीचा वास आला, तशा सासूबाई म्हणाल्या, "डोस्क्याचं तेल खात्यात की गं ही माणसं!" सासूबाईंना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं, आणि मधली भिंत पातळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही दर रविवारी काकूंकडून आमटीची वाटी यायची. सासूबाई बोटं चाटत म्हणायच्या, "आता सुधारली बाई. वास न्हाय, काय न्हाय."

असं पंधरा वर्षं चाललं. मग काकूंचा हात मोडला आणि एका रविवारी मी त्यांच्याकडं स्वयंपाकाला गेले. बरणीच्या मागं शेंगतेलाची छोटी बाटली होती.

"हे कुणाला, काकू?"

"तुमच्या वाटीला," त्या सहज म्हणाल्या.

म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी दोन आमट्या. मला मान वर करवेना. मी बाटली मागं सारली, बरणी पुढं ओढली.

"आजपास्नं आमची वाटी बी ह्यातलीच."

काकूंनी दुसऱ्या हातानं पदर डोळ्यांना लावला.

"चमचा पुसलास गो?"