शकूची बोटं

अक्का गेल्याचं शकूला शाळेतून आल्यावर मीच सांगितलं. मला वाटलं, पोर माझ्या गळ्यात पडेल. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि सरळ अक्कांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं... महिना झाला त्याला. गेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा, असं कुणी म्हणेल. मला वाटतो, आणि तो लपवायची माझी तयारी नाही.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. धारवाडला आम्ही एकाच चुलीवर राहायचो. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझी शकू चार वर्षांची झाली तरी तिला झग्याचं बटण लावता येईना, पाटीवरची पेन्सिल मुठीत आवळून धरायची. मी तिचं मनगट धरून गिरवून घ्यायची; ती रडायची, मी वैतागायची. मास्तरांची मुलगी मी, दुसरं काय सुचणार? अक्कांनी पाटी बाजूला सारली. लढाईमुळे रवासुद्धा जपून वापरायचे दिवस ते, तरी भिजवलेल्या रव्याचा गोळा तिच्यापुढं ठेवला आणि चिमटीत कणभर पीठ घेऊन गव्हले वळायला बसवलं. मी मदतीला वाकले की म्हणायच्या, "हात लावू नको गं. तिची बोटं तिची तिला सापडू देत." शकूचे गव्हले चिंचोक्याएवढे व्हायचे. अक्का त्याचीच खीर करायच्या आणि वाढताना सांगायच्या, "आजची खीर शकूची." हे मागून मागून खायचे. मी माझी वाटी तशीच बाजूला सारायची.

पुढं फुलवाती, मग गजरे, मग सुईदोरा... बटणं लागली, अक्षराला वळण आलं. मला आनंद नव्हता असं नाही. पण वेणी घालायला पोर फणी घेऊन अक्कांकडंच जायची. एका दुपारी मी एकटीच गव्हले वळायला बसले, तर नुसता लगदा झाला. अक्कांनी जाता जाता पाहिलं, ताटावर फडकं झाकलं आणि एक शब्द न बोलता गेल्या. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

परवा जुन्या हुबळीहून अक्कांच्या माहेरकडच्या एक दूरच्या बाई भेटायला आल्या. कित्येक वर्षांत इकडं फिरकल्या नव्हत्या. शकूचे रडून सुजलेले डोळे पाहून त्यांनी तिला कुशीत घेतलं. "आई गेली म्हणून खचायचं नाही हं, बाळ."

मी समोरच भिंतीला टेकून बसले होते. शकूनं माझ्याकडं पाहिलं, मग मान खाली घातली आणि "हो" म्हणाली...

बाईंनी डोळे पुसले, माझ्याकडं वळल्या. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"धाकटी जाऊ," मी म्हटलं.