शेख बाई आणि त्यांच्या जावा

शेख बाई वर्गात आल्या की आधी छताकडे बघायच्या. पाल दिसली की त्या दिवशी इंग्रजीचा तास व्हरांड्यात. आभाळ गडगडलं की हातातला खडू खाली, हेडमास्तरांची चप्पल वाजली की आवाज खाली. बाई जालन्याच्या मस्तगडातल्या. आमच्या गावात, घनसावंगीच्या अलीकडे, एकट्या राहायच्या, तेही संगीताच्या वडिलांच्या भाड्याच्या खोलीत. संगीता माझी बाकावरची मैत्रीण. तिच्या वडिलांना सगळं गाव भाऊ म्हणायचं आणि वचकून असायचं. बाईंची तर त्यांच्यासमोर मान वर व्हायची नाही.

इंग्रजीत मात्र बाई कुणाच्या बापाला घाबरत नसत. एकसारखे दिसणारे, फसवणारे शब्द त्या जोडीनंच शिकवायच्या. म्हणायच्या, "ह्या दोघी जावा-जावा हायेत. एकीचं लुगडं दुसरीला नेसवलं की घरात भांडण झालंच समजा." डेझर्ट म्हणजे वाळवंट, डिझर्ट म्हणजे जेवणानंतरचं गोड. मी रोज लुगड्यांची अदलाबदल करायची. संगीता एकदाही चुकली नाही.

दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर संगीताला बघायला पाहुणे येणार असं कळलं. मुलगा पुण्यात कंपनीत, त्याला इंग्रजी येणारी बायको हवी होती. अशा वेळी मुलगी हुशार आहे हे चारचौघांत सांगायला तिच्या बाईंना बोलावतात. भाऊंचं बोलावणं म्हणजे हुकूमच. बाई मला म्हणाल्या, "तू बी चल माझ्यासंगं. मला लई भेव वाटून राह्यलं." मला तरी कुठं कमी वाटत होतं! संगीता सकाळपासून जेवली नव्हती. लग्न ठरलं की शाळा संपली, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाचे मामा म्हणाले, "बाई, विचारा की इंग्रजी शब्द. आम्ही बी ऐकतो."

बाईंनी घसा खाकरला. "अ‍ॅक्सेप्ट?"

"स्वीकारणं," संगीता म्हणाली.

"अन् एक्सेप्ट?"

"वगळून."

मामांनी बाईंकडे बघितलं. "बराबर?"

"बराबर."

मामा खूश. "मंग कशाला थांबायचं, भाऊ? परीक्षेच्या आधीच उरकून टाकू. अजून शिकून काय करायचं हाय?"

संगीतानं एकदा माझ्याकडे बघितलं. मामांना आणखी ऐकायचं होतं.

"डेझर्ट?" बाईंनी हळूच विचारलं.

संगीता मान खाली घालून म्हणाली, "गोड पदार्थ."

"अन् डिझर्ट?"

"वाळवंट."

हीच जोडी तिनं मला कितीदा तरी घोकायला लावली होती. बाईंनी चमकून तिच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. समोर खोलीचे मालक मिशीवर हात ठेवून बसलेले. "बराबर?" मामांनी विचारलं. बाई हो म्हणाल्या असत्या तर त्या बैठकीत कुणाला पत्ता लागणार होता?

"चूक," बाई म्हणाल्या.

मग त्या विचारत गेल्या, संगीता चुकत गेली. बाईंच्या कपाळावरचा घाम गालावर आला होता. शेवटी त्या मामांना म्हणाल्या, "पोरगी बिलकुल कच्ची हाये. दहावी निघती का न्हाई कोण जाणे. खोटं कशाला बोलू?"

पाहुणे चहा न घेताच उठले. ते गेल्यावर भाऊ असे ओरडले की मी संगीताचा हात घट्ट धरला. "काय शिकवलं तुम्ही वर्षभर? खोली रिकामी करा आजच्या आज!"

मला वाटलं, आता बाई खरं सांगून टाकतील. सांगितलं असतं तर त्यांची खोली वाचली असती, नाव वाचलं असतं. संगीताचं काय झालं असतं, ते नुसतं मनात आलं तरी अंगावर काटा येतो.

"करते रिकामी," बाई म्हणाल्या. "माझीच चुकी हाय. मी बराबर शिकवलं न्हाई."

"आता कोण करून घेईल हिला? एवढं बी येत न्हाई!"

बाईंनी दाराची चौकट धरली. "मंग शिकू द्या की, भाऊ, अजून दोन-चार वर्षं. माझ्याकडं नका पाठवू. चांगल्या बाईकडं पाठवा."

भाऊ संगीताकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून जादा तासाला जायचं."

संगीता पुढं भरपूर शिकली. बाई बदली घेऊन जालन्याला गेल्या. गावात आजही त्यांचं नाव निघालं की लोक म्हणतात, बाई स्वभावानं चांगली होती, पण इंग्रजी काही शिकवता यायचं नाही. भाऊ अजून ओट्यावर बसलेले असतात. आम्ही दोघी खाली मान घालून ऐकून घेतो.