चिंगी, चौदा बोकड आणि माझं हुशार पान

आमची पंधराच्या पंधरा शेरडं एका सकाळी एकाच बोटानं विकली गेली. ते बोट माझं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते!

मी पडेगावात घरी बसून एका कंपनीच्या वेबसाइटचं काम करते. अप्पा शेरडं राखतात. ईद जवळ आली की गिऱ्हाईक दारात येतं, बोकड ठरतो, अप्पा त्याच्या पाठीवर गेरूची खूण काढतात. कुणाची खूण कुठली, ते सगळं त्यांच्या डोक्यात. मला ते बघवेना. (पोरगी लॅपटॉपवर आणि बाप गेरू कालवतोय!)

"अप्पा, मी मोबाइलवर पान बनवून देते. लोकांनी फोटो बघायचा, बोट दाबायचं, बोकड राखीव! एका जागी बदललं की सगळीकडं आपोआप बदलतं!"

"सगळीकडं कामून? ज्याचं बदलायचं त्याचंच बदललं तर चालत नाय का?" अप्पा म्हणाले.

मी हसले. इतकी हसले की आईनं आतून विचारलं, काय झालं म्हणून.

फोटोसाठी एकच शेळी गप उभी राहिली, ती म्हणजे आईची चिंगी. घरच्या दुधाची, आईच्या मागं चुलीपर्यंत येणारी. तिचीच नोंद मी पहिली केली. 'कुणाला' या कप्प्यात 'विकायची नाही' असं लिहिलं. मग त्याच नोंदीच्या चौदा नकला मारल्या, बोकडांची नावं, फोटो, वजनं भरली आणि 'विकायची नाही'च्या जागी 'विक्रीला' केलं. चिंगीची नोंद पुन्हा उघडून बघायची गरज वाटली नाही. मी सहा वर्षं हेच काम करते, म्हटलं!

रविवारी सकाळी ओळखीच्यांना लिंक पाठवली. दुपारच्या आत वैजापूरचे भाऊसाहेब टेम्पो घेऊन हजर. नातवाच्या जावळाला त्यांना काळा बोकड हवा होता.

"अप्पा, म्या एकट्या काळ्यावर बोट दाबलं," ते गहिवरून म्हणाले, "अन् तुम्ही पंधराच्या पंधरा माझ्या नावावर केले! लई मोठं मन बगा तुमचं!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"नेटवर्क," मी म्हणाले.

तेवढ्यात शहागंजचे चाचा स्कूटरवरून उतरले. दरसाल बोकड आमच्याकडूनच नेतात. "बेटी, मैंने अभी सफेदवाले पे दबाया, तो सब मेरे नाम पे कैसे? मेरे कू बकरी का क्या करना?"

"चाचा, तुमचा मोबाइल जुना आहे!"

"परसों लिया!"

मी लॅपटॉप बाजेवर ठेवला आणि झडझडून कामाला लागले. पान नव्यानं उघडलं, ब्राउझर बदलला, घरातलं वायफाय बंद करून चालू केलं. (आईचा मिक्सरही बंद केला. त्याचा काय संबंध, ते मला आजही विचारू नका!) शेवटी पांढऱ्या बोकडाचं 'राखीव' काढलं, तर सगळेच्या सगळे 'विक्रीला' झाले, चिंगीसुद्धा! भाऊसाहेबांनी चपळाईनं पुन्हा काळ्यावर बोट दाबलं. पंधराही पुन्हा त्यांचे.

"अन् ही शेळी न्यायचीच," ते म्हणाले. "नातवाला दूध व्हईल." त्यांनी चिंगीच्या गळ्यात दावं घातलंसुद्धा.

आई दारातून बाहेर आली. "अवो, काही बोला की! माझी चिंगी चालली!"

अप्पांचा चेहरा उतरला. "काय बोलू? पान आपलं. आपल्या पानावर लिवलं म्हंजी जबान दिली. आजवर फिरवली का कधी?"

आई चिंगीच्या पाठीवरून हात फिरवू लागली. ते बघूनही मी म्हणालेच, "कोड बरोबर आहे!"

अप्पांनी गेरूचा डबा आणला. काळ्याच्या पाठीवर आडवी रेघ काढली, "भाऊसाहेब, हे तुमचं." पांढऱ्यावर टिंब दिलं, "चाचा, हे तुमचं." दोन मिनिटांत बोकडांचा निकाल; भाऊसाहेबांनाही बोकड एकच हवा होता, पण चिंगीचं दावं ते सोडेनात. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शीतल, दावी पंधरा बांधलीस ना? मग खुंटे किती ठोकले?"

मी कोड उघडला आणि डोक्याला हात लावला. खुंटा एकच! नाव, फोटो, वजन प्रत्येकाचं वेगळं झालं होतं. पण 'कुणाला' हा कप्पा नकलेत वेगळा झालाच नव्हता. चौदाही बोकड चिंगीच्याच कप्प्यात बघत होते. एकाचं बदललं की सगळ्यांचं बदलणारच. आपोआप!

भाऊसाहेबांनी दावं ओढलं. चिंगीनं पाय रोवले आणि आईकडं बघून ओरडली.

"थांबा!" मी किंचाळले. "अप्पांनी जबान दिली नाही! पान खोटं बोललं, आणि पान मी लिहिलंय! चुकले मी! मी, मी, मी!"

चाचांनी मान डोलावली. भाऊसाहेबांनी दावं सोडलं. "पोरगी चुकले म्हणती, तर विषय संपला. पर बाई, हे टेम्पो आणायच्या आधी म्हणायचं की!"

चिंगी थेट चुलीपाशी गेली. आई तिच्या गळ्यात पडून रडली, मग डोळे पुसून मला म्हणाली, "मिक्सर चालू कर."

मी एका ओळीत दुरुस्ती केली. पंधरा खुंटे ठोकले, पंधरा वेळा दाबून पाहिलं आणि मान वर करून म्हणाले, "अप्पा, बघा आता! पान एकदम झकास. पुढच्या ईदलाही हेच चालणार!"

अप्पांनी गेरूत बोट बुडवलं आणि माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर एक ठसठशीत फुली मारली.

"ही कुणाची खूण, अप्पा?"

"कुणाचीबी. जो आधी येईल, त्यानं घेऊन जावा."

फुली अजून तशीच आहे. कधीमधी ऑफिसात गेले आणि कुणी विचारलं की मी ठणकावून सांगते, स्टिकर आहे. मागायला मात्र अजून कुणी आलेलं नाही.