विहारामागचं बोअर

लातुरात बोअरची मोटर अडकली की लोक नरसिंगला शोधत येतात. तीस वर्षांपूर्वी चाकूरहून आला तेव्हा त्याच्या हातात एक पाना होता आणि अंगावरचे कपडे. आता अर्ध्या शहराची बोअरं त्याला खोलीसकट तोंडपाठ आहेत. पाइपाला कान लावून पाणी किती फुटांवर आहे ते तो सांगतो, आणि सहसा चुकत नाही. वाया जाणारं पाणी मात्र त्याला बघवत नाही. पाहुणा म्हणून गेला तरी दुसऱ्याच्या घरातली गळकी तोटी उठून बंद करील आणि वर यजमानालाच चार शब्द सुनावील.

अशा माणसाची एक गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, सरजाबाईला ठाऊक होती. इंजिनांच्या धुरात आणि डिझेलच्या हातांनी जेवता जेवता त्याचं नाक कधीचंच मेलं होतं. "भाजी करपली तरी गुमान खातेत," ती हसून म्हणायची. त्यालाही त्यात कधी काही कमी वाटलं नाही. पाणी ओळखायला कान पुरत होता.

गेल्या उन्हाळ्यात भुयारी गटाराचं काम नरसिंग राहायचा त्या वस्तीच्या रस्त्यावर आलं. बारा फूट खणलं की चरात पाणी साचायचं. ते उपसायच्या पंपावर ठेकेदाराने नरसिंगला नेमलं. रस्त्याच्या कडेला बंद पडलेला पेट्रोल पंप होता आणि त्याच्या जमिनीतल्या टाक्या गंजून फुटून पेट्रोल मातीत मुरलं होतं. म्हणून आरती नावाची तरुण इंजिनिअर रोज येऊन बजावायची. तिथली माती प्लास्टिकवर टाकायची, वरून झाकायची. खराब पाणी काळ्या टाकीत भरायचं, ते टँकरने शुद्ध करायला जाईल. स्वच्छ पाणी नाल्यात सोडायचं.

"बाटलीत भरून पाठवलेल्या पाण्याचा अहवाल यायला चार दिवस लागतात, नरसिंगमामा," ती म्हणाली. "तोवर तुमचं नाक. जराही वास आला तर टाकीत. तुमच्यासारखी पाण्याची पारख इथं कुणाला आहे?"

नरसिंगने मान डोलावली. तिथेच सांगायला हवं होतं. पण चारचौघांत पारखी म्हटल्यावर, मला वास येत नाही हे कोणत्या तोंडाने सांगणार? एवढंसं वाक्य त्या दिवशी राहिलं ते राहिलंच.

पेट्रोल पंपापासून शंभर फूट पुढे गेल्यावर पाणी निवळशंख लागलं. नरसिंगने ओंजळीत घेतलं, उन्हात धरलं. तळहाताच्या रेषा मोजता येत होत्या. खाली उतरलेले मजूर तोंडाला रुमाल बांधूनच होते, पण ते तर पहिल्या दिवसापासून बांधत. हे पाणी नाल्यात सोडायचं? वस्तीचं एकुलतं बोअर दोनशे पावलांवर, विहाराच्या मागे, दहा मिनिटं चालून हवा ओकत होतं. रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी वस्तीने श्रमदान करून बोअरभोवती खड्डा खणला होता, दगडगोटे भरले होते, पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून. पहिली कुदळ नरसिंगचीच होती. त्याने पाइप जोडत जोडत त्या खड्ड्यापर्यंत नेला आणि पंप सुरू केला. चार दिवस पाणी मुरत राहिलं. पाइपाशी बसून ते ऐकताना त्याला इतकं बरं वाटलं की दुपारची भाकरी तशीच राहिली.

बोअर तास-तासभर चालू लागलं. बायकांनी हंडे घासले. "नरसिंगभाऊनं पाणी आणलं," म्हाताऱ्या लिंबाजीने विहारात सगळ्यांना सांगितलं.

आठवड्याने सरजाबाईने चहाचा कप खाली ठेवला.

"आवं, ह्याला घासलेटाचा वास यायलाय."

त्याने घोट घेतला. "न्हाई. गोड हाय."

तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि चहा मोरीत ओतला. तेव्हा त्याला खड्ड्यात सोडलेला पाइप आठवला.

तोवर मुलांच्या तोंडात फोड आले होते. आरती बाटल्या भरून घेऊन गेली आणि पाचव्या दिवशी पाण्यात पेट्रोल असल्याचा कागद घेऊन आली. बोअर बंद.

"किती दिवस?" लिंबाजीने विचारलं.

"दिवस नाही, आजोबा. वर्षं. किती ते मलाही सांगता येणार नाही."

मोटर वर काढायची ठरली. ते काम नरसिंगचं; पाइप वर खेचायची साखळी ओढायला वस्ती जमली. पहिले पाच पाइप आले तसा बायकांनी नाकाला पदर लावला. ठेकेदाराच्या नावाने शिव्या सुरू झाल्या, तेव्हा नरसिंगने साखळी थांबवली.

"ठेकेदारानं न्हाई. म्या सोडलं पानी. मला वास येत न्हाई. लई वर्षं झाली."

शिव्या थांबल्या. त्या चालू राहिल्या असत्या तर बरं झालं असतं. लिंबाजीने हातातली साखळी जमिनीवर ठेवली आणि काठी टेकत विहाराकडे गेला. मागोमाग एकेक जण निघाला. आरतीनेही हातातला कागद दुमडला आणि ती निघाली.

उरली सरजाबाई. तिने पदर खोचून साखळी धरली, पण दोघांच्या जोरावर पुढचा पाइप हलेना. नरसिंग गुडघ्यांवर बसला. काढून ठेवलेल्या पाइपाच्या तोंडाला त्याने नाक लावलं आणि छाती फुटेस्तोवर श्वास ओढला.

"आला का?" सरजाबाईने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा नाक लावलं.