संध्याकाळी गरम जेवण मिळणेबाबत

जर्मनीत एका कुटुंबात तीन महिने राहून आलो म्हणून गावात माझं कौतुक झालं. खायला काय मिळालं ते मात्र कुणी विचारलं नाही. म्हणून लिहितो.

तरुणांच्या अदलाबदल कार्यक्रमातून गेल्तो. घरात दोघंच, साठीतले नवरा-बायको. तिकडं सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. माझी जीभ रेटेना, मी काका-काकूच म्हणायचो. बोलणं मोडक्या इंग्रजीत. माणसं चांगली. पण पहिल्या संध्याकाळी टेबलावर आलं काय, तर गार पाव, चीजचे काप आणि काकडी. वाटलं, ही सुरुवात असेल. मी वाट बघत बसलो. काकूंनी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आमच्या टेंभुर्णीत पाहुण्याला गार वाढणं म्हणजे उठून जा म्हणणं. अन्याय दिसला की मला एकच काम येतं. बुधवारी इंग्रजीत निवेदन लिहिलं. वर विषय, खाली चार मागण्या आणि शेवटी सवयीनं ‘अन्यथा लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल’. फ्रिजवर चुंबकानं लावून टाकलं.

आपल्याकडं निवेदनाची पोच मिळते, उत्तर मिळत नाही. त्यामुळं उत्तराची तयारी मी ठेवलीच नव्हती. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. काकूंना बोलावलं, मला समोर बसवलं.

“आंदोलनात तू नक्की काय करणार?” काकांनी अगदी मनापासून विचारलं.

“जेवणार नाही.”

“मग गरम कुणासाठी करायचं?” काकू म्हणाल्या.

काकांनी समजावलं, “इथं आम्ही सगळेच दुपारी गरम खातो, संध्याकाळी गार. तुझा अपमान नव्हता. पण मागणी रास्त आहे. मान्य. सोमवारी आणि गुरुवारी तू स्वयंपाक कर.”

एका बैठकीत मान्य. मी कधी चहासुद्धा केला नव्हता.

गुरुवारी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं बॅगेत बळंच कोंबलेलं ज्वारीचं पीठ, बेसन आणि मसाला पुढं घेऊन बसलो होतो.

“काय करून राह्यला रे?”

“भाकरी. पाणी किती घालू? तवा तापला, जल्दी सांग.”

तिचं हसू थांबेना. “इथं कधी परात तरी उचलली का? गरम पाणी घे, मळ. न्हाई, तसं न्हाई. थापायची ती, बडवायची न्हाई. मोर्चा हे का तो?”

पहिल्या भाकरीचे तुकडे झाले. पिठलं बुडाला लागलं. काका-काकू हातात काटे धरून टेबलाशी बसलेले. “तूही बस, सोबत जेवू,” काकू म्हणत होत्या. तव्यावर भाकरी टाकून बसणार कसा? त्यांना वाढून शेवटी बसलो.

काका म्हणाले, “धुराची चव आहे. छान आहे.”

फोन चालूच होता. “झाली का सगळ्यायची?” आई म्हणाली. “मंग तुझं गार झालं असंल. होतंच ते.”

मी फोन ठेवला आणि गार पिठलं खाल्लं.

मागण्या मान्य करून अंमलबजावणी टाळणाऱ्यांवर मी इकडं लई कडक पत्रकं काढली आहेत. सोमवारी काकूंनी विचारलं, “आज काय करणार?”

“पीठ संपलं,” मी म्हटलं.

पीठ अर्ध्याच्या वर शिल्लक होतं. काकू पाव कापायला लागल्या, मी चीजची बशी पुढं ओढली.