ताईच्या हाताचं तेल

अगं शुभे, ये अशी, जवळ बस. कागदाजवळ कसली बसतेस म्हणा, पण कान तरी इकडे कर. आधी तुला रागवून घेते, मग बाकीचं. तू ठाण्याला, मी डोंबिवलीला — मध्ये कळवा, मुंब्रा, दिवा, एवढंच ना? की तुझी मामी सातासमुद्रापलीकडे राहते? दिवाळी जवळ आली की तुझा फोन येणार, अर्धा वेळ तू नुसती हसणार, आणि "येते गं मामी" म्हणून ठेवून देणार. येतेस कुठे?

आणि परवा काय म्हणालीस? "आईला नवा मिक्सर आणलाय, पण तिला बजावलंय — लांबून बघायचं, हात लावायचा नाही. मामाच्या सायकलची आठवण आहे ना?" हसलीस. मीही हसले. हसले आणि फोन ठेवला, आणि गॅसकडे बघायचं राहूनच गेलं. दूध उतू गेलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या मामाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर बसूनसुद्धा नाही — तिथेही मी दुसऱ्याच गोष्टींची क्षमा मागत राहिले. पण तो मिक्सर तू मधे आणलास ना, आता सांगायलाच हवं.

कुठून सुरू करू? सायकलीपासूनच करते.

तू तेव्हा दोन वेण्यांची होतीस. आमच्या यांच्या छातीत कळ येऊन गेली होती. हॉस्पिटलातून घरी आले ते नुसते शरीरानं. खिडकीशी खुर्ची ओढायची आणि बसून राहायचं. हे — जे दर दिवाळीला स्वतःच्या हातानं आकाशकंदील करून गच्चीवरून सोडणार, आणि सगळ्या गल्लीला खाली उभं करून "डावीकडे आहे का? उजवीकडे घेऊ का?" ओरडणार — ते पाण्याचा पेलासुद्धा हातात मागायला लागले. डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी चालवायची सायकल मिळते, ती आणा, थोडा थोडा भार लावून रोज चालवू दे. आम्ही ऐकून घरी आलो आणि गप्प बसलो. तुझी आई गप्प बसणारी थोडीच. वन्सं त्या! एका सकाळी दारात टेम्पो उभा, आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी वन्सं, मांडीवर सायकलचं सीट.

सायकल आली ती सुटी. इकडे हँडल, तिकडे पेडल, एक जडच्या जड चाक, आणि पुडक्यात नटबोल्ट. आमच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नाही. वन्संनी पदर खोचला, फरशीवर बैठक मारली आणि पाना हातात घेतला. तू डब्याच्या झाकणात नट सांभाळत होतीस, आठवतंय? आणि हे पलंगावरून सूचना देतायत.

"ताई, ते उलटं बसवतेयस."

"तू पडून राहा. लहानपणी तुझी तीनचाकी कोणी जोडलेली?"

खरंच गं, केलं असतं का ते दुसऱ्या कुणी? ठाण्यात खोपटच्या त्यांच्या चाळीत कुणाचा स्टोव्ह भडकला, कुणाचा फ्यूज उडाला, तर माणूस शोधायला कोणी जायचंच नाही — शुभाच्या आईला हाक मारायची. बाईच्या बोटांना डोळे होते. संध्याकाळी सायकल उभी. पेडल मारलं की चाक कसं घुमायचं — घूं घूं घूं, भुंगा बसल्यासारखं.

जाताना त्यांनी मला हाताला धरून समजावलं. पुढच्या जड चाकावरून एक जाड पट्टा जातो. गुंडी आवळली की पट्टा चाकाला घट्ट धरतो, म्हणून पायाला भार लागतो. "मंगल, साखळीला तेल घाल. पेडलला घाल. पट्ट्याला मात्र थेंबसुद्धा नाही. तो कोरडा पाहिजे." मी हो हो म्हटलं. माझं लक्ष होतं कढईतल्या फोडणीकडे. आता सांगते म्हणून सांगते — मी ऐकलंच नाही.

मग सुरू झाला तो छळ. यांनी बसायचं, दोन-चार फेरे मारायचे, कपाळावर घाम, ओठ पांढरे, आणि उतरून म्हणायचं, "संपलं आपलं." रोज तेच. आमची पारू कोळीण दारात टोपली टेकवायची आणि आत डोकवायची. "काय गो बाय, तुजा नवरा सायकल मारतंय न् जातंय कुटं? कवाची बगतंय, हितंच हाय!" एरवी हे तिला सव्वा शेर उत्तर देणारे. आता हसायचेसुद्धा नाहीत. मला काय वाटायचं सांगू? की मी एका जिवंत माणसाला रोज सकाळी त्या लोखंडावर बसवून हरवतेय.

असं करता करता नवरात्र संपत आलं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पूजायची. माझी शिवणाची मशीन मी पुसली, तिला तेल दिलं, हळदकुंकू लावलं, विळीला, अडकित्त्याला लावलं. मग नजर गेली सायकलवर. ती पण यंत्रच ना? तिला का उपाशी ठेवायचं? ती लांब नाकाची तेलाची डबी घेतली आणि देवाला अभिषेक करावा तसं नखशिखांत न्हाऊ घातलं गं मी तिला. साखळी, पेडल, चाक — आणि पट्टा. पट्टा तर जास्तच. कोरडा दिसत होता बिचारा! वर झेंडूची माळ. पूजेच्या दिवशी यंत्राला विसावा द्यायचा, म्हणून दोन दिवस कुणी बसलं नाही. तेल मुरलं छान.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हे बसले. बसले — आणि उतरेचनात! पाय भिंगरीसारखे. मी पोळ्या टाकून धावत आले, वाटलं काहीतरी झालं. तर हे हसतायत. कळ येऊन गेल्यावर पहिल्यांदा, तोंडभर. "मंगल, अगं दम लागत नाही! गुंडी आवळ. अजून आवळ!" मी आवळली. काही फरक नाही. तेव्हा कुठे फोडणीतून ऐकलेलं ते वाक्य माझ्या डोक्यात उजाडलं — थेंबसुद्धा नाही.

सांगायला हवं होतं ना? त्या क्षणी. "अहो, चूक झाली, मी पट्ट्याला तेल घातलं" — एवढंच. तोंड उघडलंही होतं मी. पण त्यांचा चेहरा... मी म्हटलं, "देवीनं दिलं हो." वर देवीलासुद्धा गुंतवलं!

आणि घरात आनंद आला बघ. खोटा म्हण, पण आला. सकाळी चाकाच्या घूंघूंवर हे गाणी म्हणायचे. पारूला सांगायचे, "आत्ताच खडवलीला जाऊन आलो, नदीला पाणी बरंय." ती म्हणायची, "मंग मासली नाय आनली ती येताना?" आणि दोघं हसायची. एकदा आठवड्यातून, हे दुपारी झोपले की मी पट्ट्यावर अजून थोडं तेल सोडायची. हो. एकदाच चुकलं असं नाही. पुढचं सगळं जाणूनबुजून.

मग यांनी कंदील करायला घेतला. कामट्या, खळ, रंगीत कागद, घरभर पसारा. आणि वसुबारसेला म्हणाले, गच्चीवर मीच जाणार. आता बोल शुभे, माझं काय झालं असेल? ताकद खोटी, हे मला ठाऊक. जिने खरे. तरी बोलले का? नाही. दोऱ्याचं बंडल हातात घेऊन मागे मागे चढले, मनात सगळे देव एका रांगेत उभे करून. प्रत्येक मजल्यावर थांबून हे शेजाऱ्यांशी गप्पा मारत होते, म्हणून निभावलं. वर पोचले, कठड्याला धरून श्वास घेतला आणि ओरडले — "डावीकडे आहे का?" खालून सगळी गल्ली ओरडली, "उजवीकडे घ्या!" मी टाकीच्या आड जाऊन रडून घेतलं. आनंदानं रडले. आणि भीतीनं. सारखंच येतं ते पाणी.

आता आली भाऊबीज. इथपर्यंत मी मूर्ख होते. इथून पुढे वाईट.

तुम्ही दोघी सकाळीच आलात. वन्संनी रीतीप्रमाणे भावाला पाटावर बसवून डोक्याला तेल चोळलं, स्वयंपाकघरापर्यंत वास दरवळला. यांना मात्र दम कुठला? न्हाऊन येतायत तोच, "ताई, आधी सायकल बघ! गुंडी पार शेवटपर्यंत आवळलीय आणि मी तासभर मारतो." वन्सं कौतुकानं उठल्या, स्वतःच साडी सावरून बसल्या. पाय मारला. भुर्रकन फिरला. त्यांचे पाय थांबले. खाली वाकल्या, पट्ट्यावरून एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मी औक्षणाचं तबक घेऊन दारात. घरात तू, शेजारचे, सगळे. वन्सं म्हणाल्या, अगदी सावकाश, "याला तेल कोणी लावलं?"

यांचा चेहरा उतरायला लागला. मला दिसत होतं, कंदील विझावा तसा. आणि माझ्या तोंडातून आलं — इतकं गोड, इतकं सहज आलं की मला अजून ऐकू येतं —

"अहो वन्सं, तुमच्याच हाताला तेल आहे ना! आत्ताच तर यांना चोळलंत. हाताळलीत ना तुम्ही आत्ता? घसरणारच की पट्टा!"

मग हे जे हसत सुटले! "घ्या! तीन आठवडे मी खऱ्या भारावर मारतोय, ताईनं एक बोट लावलं आणि सायकल बाद!" सगळं घर हसलं. तूही हसलीस, करंजी तोंडात धरून.

वन्संनी आपले तळवे बघितले. मग माझ्याकडे बघितलं. ज्या बाईनं तो पट्टा आपल्या हातानं बसवला, तिला एका बोटाचं तेल आणि तीन आठवड्यांचं तेल कळत नाही? त्या म्हणाल्या, "असेल बाई. लागलं असेल." तळवे पदराला पुसले आणि तबक माझ्या हातातून घेतलं. ओवाळताना त्यांचा हात जराही हलला नाही.

पुढचं सांगते, पण माझ्या बाजूचं म्हणून धरू नकोस. त्यानंतर मला सायकल दुरुस्त करणं भाग होतं. निवट्या साफ करताना राख लावतो ना आपण, बुळबुळीत मासा हातातून सटकू नये म्हणून? मी पट्ट्याला राख चोळली. पुसली, पुन्हा चोळली. गुंडी पार सैल सोडली, आणि थंडीभर, यांच्या नकळत, जराशी जराशी आवळत नेली. हे कुरकुरायचे, "आज अंग जड आहे बुवा," पण सोडायचे नाहीत. आपण खडवलीला जाऊन आलेला माणूस आहोत, असं पक्कं बसलं होतं ना डोक्यात! गुढीपाडव्यापर्यंत भार खरा झाला आणि पायही खरे झाले. डॉक्टर खूश. पुढे कितीतरी दिवाळ्या कंदील यांनीच चढवला, अगदी गेल्या दिवाळीपर्यंत. मी किती सुखात राहिले म्हणून सांगू! त्या घूंघूंनं रोज जाग यायची मला.

आणि त्याच सुखातून तो विनोद वाढत गेला. ताईच्या हाताचं तेल! आम्ही व्हीसीआर आणला — ताई, लांब. रिमोट आला — ताईला देऊ नका. तुझ्या लग्नात माईक बंद पडला तर कुणीतरी ओरडलं, "ताईनं हात लावला वाटतं!" मांडव हसला. वन्संही हसल्या. त्या दर वेळी हसल्या. मीही. सगळ्यांत मोठ्यानं मी.

मग एकदा त्यांच्याकडे गेले होते, उन्हाळ्यात. पंखा बंद. वन्सं पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेल्या. मी म्हटलं, काय झालं हो? म्हणाल्या, "माणसाला सांगितलंय. येईल संध्याकाळपर्यंत." मी म्हटलं, "तुम्हीच बघायचात की." त्या म्हणाल्या, "नको गं. माझ्या हातानं बिघडायचं काहीतरी." हसून म्हणाल्या नाहीत, शुभे. खरंच वाटत होतं त्यांना तसं. बोटांचे डोळे मिटले होते. कोणी मिटले? आणि तेव्हा तरी बोलले का मी? सरबत प्यायले आणि घरी आले.

हे असं आहे बघ. माझ्या नवऱ्याचं हसू राखायला मी दुसरी काही युक्ती शोधली असती. शोधली नाही. त्यांचं नाव हाताशी होतं, ते वापरलं.

आता ऐक. परवा सायकलचा पट्टा तुटला. जीर्णच झाला होता. हे नवा घेऊन आलेत आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला बोलावतो म्हणतायत. मी म्हटलं, खबरदार. भाऊबीजेपर्यंत त्या सायकलला कुणी हात लावायचा नाही. यांना कळेना, "असं काय करतेस?" म्हणाले. सांगेन. तिथेच, दिवाणखान्यात, सगळे असताना, ज्या दारात तबक घेऊन उभी होते त्याच दारातून. वन्संनी मला काही म्हणावं, न म्हणावं, ते त्यांचं. मी त्यासाठी बोलवत नाहीये.

तू ये. नुसती हसून फोन ठेवू नकोस. लवकर ये, कानवले तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवते. आईला घेऊन ये. आणि तो मिक्सर आधी तिच्या हातात दे, मग निघा — आणि तिला म्हणावं, मंगलनं सांगितलंय, येताना पाना घेऊन या.